ब्रेकचा दिवा लागला, गाडी न्यावी की नाही?



या सदरात आपण एरवी पिकांविषयी, खतांविषयी आणि रोग-किडींविषयी बोलतो. आज विषय थोडा वेगळा आहे, पण तो आपल्या घरातलाच आहे. निफाड, दिंडोरी, चांदवड, सिन्नर, कोणत्याही तालुक्यात गेलात तरी मळ्यातल्या वस्तीपुढे ट्रॅक्टर असतो आणि त्याच्या शेजारी बहुधा एखादी जीप, पिकअप किंवा मोटार उभी असते. हीच गाडी औषधाच्या दुकानात जाते, आजारी माणसाला नाशिकला नेते आणि चैत्रात सगळ्या घराला घेऊन सप्तशृंगीच्या गडावर चढते. ट्रॅक्टरची नस शेतकऱ्याला ठाऊक असते. नव्या मोटारीची मात्र अजून पुरती ओळख झालेली नाही.

दिंडोरी तालुक्यातील एका बागाईतदाराने विचारले आहे, "साहेब, आमच्या गाडीच्या डॅशबोर्डवर दोन महिन्यांपासून एक पिवळा दिवा लागतो. ब्रेक तर नीट लागतो. मिस्त्री म्हणाला, 'नाना, लक्ष देऊ नका, फारच वाटत असेल तर बल्ब काढून टाकतो.' घरची मंडळी मात्र या गाडीतून गडावर यायला तयार नाहीत. खरे कोणाचे?"

खरे घरच्या मंडळींचे. का, ते समजून घेऊ.

दिवा म्हणजे रोग नव्हे, लक्षण

द्राक्षाचे किंवा टोमॅटोचे पान पिवळे पडले की आपण काय करतो? शहाणा शेतकरी लगेच युरियाचे पोते सोडत नाही. तो आधी पाहतो की पिवळेपणा जुन्या, खालच्या पानांवर आहे की कोवळ्या शेंड्यावर. खालच्या पानांपासून सुरुवात असेल तर नत्राची कमतरता संभवते. शेंड्याची पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडले असावे. रंग एकच, कारणे दोन आणि उपायही दोन. गाडीच्या दिव्याचेही असेच आहे. दिवा कोणत्या रंगाचा, केव्हा लागतो, एकटा लागतो की जोडीने, हे पाहिल्याशिवाय खर्च करू नये आणि दुर्लक्ष तर मुळीच करू नये.

ही यंत्रणा करते काय?

साधा ब्रेक जोरात दाबला की चाक फिरायचे थांबते आणि टायर रस्त्यावरून घसरू लागतो. घसरणारे चाक स्टिअरिंगचे ऐकत नाही. पुढे गाय आडवी आली आणि आपण स्टिअरिंग फिरवले तरी गाडी सरळच जाते. हे टाळण्यासाठी एबीएस ही यंत्रणा निघाली. प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर असतो. चाक किती वेगाने फिरते हे तो सतत सांगत असतो. एखादे चाक अडकू लागले की यंत्रणा त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सोडते आणि पुन्हा लावते, असे एका सेकंदात अनेक वेळा. त्या वेळी पायाखाली पेडल थरथरते आणि कुरकुर असा आवाज येतो. घाबरून पाय उचलू नये, पेडल तसेच घट्ट दाबून ठेवावे आणि गाडी वळवावी. मात्र मुरमाड, सुट्या खडीच्या रस्त्यावर एबीएस असूनही गाडी थांबायला जास्त अंतर लागू शकते, हे ध्यानात ठेवावे.

दुसरी यंत्रणा ईएससी, म्हणजे गाडीचा तोल सांभाळणारी. ही समजायला ट्रॅक्टरवाल्याला मुळीच अवघड नाही. ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडले असतात. नांगरताना तासाच्या टोकाला डावीकडे वळायचे असले की आपण डाव्या चाकाचा ब्रेक दाबतो आणि ट्रॅक्टर जागेवर वळतो. बैलजोडी वळवतानाही एका बैलाचा कासरा ओढून धरतो, दुसरा पुढे चालतो. ईएससी हेच करते. स्टिअरिंग किती वळवले आहे आणि गाडी प्रत्यक्षात किती वळते आहे याचा ती मेळ घालते. गाडी भलतीकडे निघाली तर एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून तिला रस्त्यावर आणते, गरज पडल्यास इंजिनाचा जोरही कमी करते. जाता जाता सांगतो, ट्रॅक्टर डांबरी सडकेवर आणताना ती दोन पेडले कडीने एकत्र जोडलीच पाहिजेत. नाहीतर जे शेतात वळण देते तेच रस्त्यावर पलटी देते.

1978 साली जर्मनीतील बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक एबीएस मर्सिडीझच्या मोठ्या मोटारीत आली आणि 1995 साली ईएससी आली. नाशिककर ज्या सातपूरच्या कारखान्याला अजून मायको म्हणतात, तो याच बॉशचा. तेथे मात्र डिझेल इंजिनाचे नोझल आणि इंजेक्टर बनतात. आपल्या देशात एप्रिल 2019 पासून नव्या मोटारींना आणि 125 सीसीच्या वरच्या मोटारसायकलींना एबीएस सक्तीची झाली. ऑक्टोबर 2023 पासून भारत एनकॅप या नावाने मोटारींची सुरक्षा तपासून तारे दिले जातात. तीन किंवा अधिक तारे हवे असतील तर गाडीत ईएससी असावी लागते. तेव्हा हे दिवे आता श्रीमंतांच्या गाडीपुरते राहिलेले नाहीत, आपल्या अंगणात आले आहेत.

कोणता दिवा काय सांगतो?

किल्ली फिरवली की हे सगळे दिवे काही सेकंद लागतात आणि विझतात. ही त्यांची हजेरी असते. जो दिवा हजेरीलाच उठत नाही त्याच्याविषयी आधी शंका घ्यावी. जुनी गाडी विकत घेताना हे अवश्य पाहावे. बिघाड लपवण्यासाठी बल्ब काढलेला किंवा वर काळी पट्टी लावलेली असू शकते. मोटारसायकलीचा एबीएसचा दिवा मात्र गाडी थोडी चालल्यावरच विझतो, तो दोष नव्हे.

तांबडा ब्रेकचा दिवा: वर्तुळात उद्गारचिन्ह असते. हॅन्डब्रेक ओढलेला असेल तर तो लागणारच. हॅन्डब्रेक पूर्ण सोडूनही दिवा राहिला तर बहुधा ब्रेक ऑईल कमी झालेले असते. गाडी बाजूला घ्यावी, ऑईल आणि पेडल पाहिल्याशिवाय पुढे नेऊ नये.

पिवळा एबीएसचा दिवा एकटाच लागला असेल तर साधा ब्रेक शाबूत असतो, पण चाक अडकू न देणारी मदत बंद झालेली असते. गाडी सावकाश, पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवून गॅरेजपर्यंत नेता येते. घाट, पाऊस आणि भरलेली गाडी असा योग येऊ देऊ नये.

तांबडा आणि पिवळा दोन्ही एकदम लागले तर प्रकरण गंभीर आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी ईबीडीही बंद पडलेली असू शकते. अशा वेळी जोरात ब्रेक दाबला तर मागची चाके आधी अडकून गाडी गर्रकन फिरू शकते. मिस्त्रीला गाडीपाशी बोलवावे किंवा गाडी टोचन करून न्यावी.

घसरत्या मोटारीचे चित्र असलेला पिवळा दिवा हा ईएससीचा. तो लुकलुकला तर यंत्रणा काम करते आहे आणि रस्ता निसरडा आहे, वेग कमी करा. तो सतत लागून राहिला तर बिघाड आहे. त्याच चित्राबरोबर ऑफ असे लिहिलेले दिसले तर एखाद्या लेकराने किंवा धुणाऱ्याने बटण दाबलेले असू शकते. बटण पुन्हा दाबून पाहावे.

घरच्या घरी करावयाची पाहणी

पहिली गोष्ट ब्रेक ऑईल. गाडी सपाट जागी आणि इंजिन थंड असताना बॉनेट उघडावे. छोट्या डबीवर खालची आणि वरची अशा दोन खुणा असतात. ऑईल त्या दोहोंच्या मध्ये असावे. खाली गेले असेल तर दोनच कारणे संभवतात: ब्रेक पॅड झिजले आहेत किंवा कोठेतरी गळती आहे. नुसते ऑईल भरून दिवा विझवणे म्हणजे टाकी का रिकामी होते हे न पाहता मोटार चालू ठेवण्यासारखे आहे. चारही चाकांच्या आतल्या बाजूला ओल किंवा तेलकट डाग आहे का ते पाहावे.

येथे एक सक्त सूचना. ब्रेकच्या डबीत इंजिन ऑईल, ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक ऑईल किंवा घरात उरलेले कोणतेही तेल घालू नये. त्याने आतली रबरी वायसरे फुगतात आणि सगळी यंत्रणा निकामी होते. झाकणावर डॉट 3 की डॉट 4 लिहिले आहे ते पाहून तेच, सीलबंद डब्यातले घ्यावे. हे ऑईल विषारी आहे आणि रंगावर पडले तर रंग उडवते. कीटकनाशकाप्रमाणे मुलांच्या हाताला लागणार नाही असे ठेवावे.

दुसरी गोष्ट टायर. चारही टायर कंपनीने सांगितलेल्या मापाचे आणि हवा योग्य आहे ना? एक टायर लहान किंवा फार झिजलेला असेल तर ते चाक वेगळ्या गतीने फिरते आणि यंत्रणेचा गोंधळ उडतो.

तिसरी गोष्ट बॅटरी. गाडी बरेच दिवस उभी असेल आणि धक्का मारून सुरू केली असेल तर कमी दाबामुळे तीन-चार दिवे एकदम लागतात. टर्मिनलवर पांढरी पूड जमली आहे का ते पाहावे. बॅटरी काढून बसवल्यावर ईएससीचा दिवा राहिला तर काही गाड्यांत स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून थोडे अंतर सरळ चालवले की तो विझतो.

चौथी गोष्ट मागचे ब्रेकचे दिवे. एकाने पेडल दाबावे, दुसऱ्याने मागे उभे राहून पाहावे. पेडलाजवळचा स्विच बिघडला असेल तर मागचे दिवे लागत नाहीत किंवा विझतच नाहीत. हा स्विच ईएससीलाही खबर देत असतो.

पाचवी गोष्ट चाकामागची वायर. सेन्सरची वायर चाकाजवळून जाते. आपल्याकडे तिला तीन शत्रू: चिखल, उंदीर आणि खत. शिवारातून आलेल्या गाडीच्या चाकात माती बसून वाळते. कांद्याच्या चाळीजवळ किंवा धान्याच्या खोलीला लागून गाडी लावली की उंदीर वायर कुरतडतात. युरियाची पोती वाहून नेलेल्या गाडीत सांडलेले खत ओल धरते आणि लोखंड गंजवते. गाडी नेहमी धुवावी, पण जोराच्या पंपाची धार जवळून थेट सेन्सरवर आणि वायरच्या जोडांवर मारू नये.

सहावी गोष्ट फ्यूज. गेलेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घालावा. मोटारीच्या स्टार्टरला लावतात तशी तार येथे लावू नये. वायरिंग पेटू शकते.

शेवटी पेडलाची परीक्षा. इंजिन चालू ठेवून, गाडी उभी असताना पेडल दाबावे आणि धरून ठेवावे. ते हळूहळू खाली जात असेल किंवा स्पंजासारखे मऊ लागत असेल तर आत हवा किंवा गळती आहे. फार कडक लागत असेल तर व्हॅक्यूम बूस्टर तपासावा लागेल. दोन्ही प्रकारांत गाडी रस्त्यावर काढू नये, मग दिवा लागो वा न लागो.

दिवा केव्हा लागतो याची नोंद ठेवा

फवारणीची वही आपण ठेवतो, तशी चार ओळींची वही गाडीतही असावी. दिवा खड्ड्यात आदळल्यावर लागत असेल तर वायर किंवा तिचा जोड सैल असावा. वळणावर लागत असेल आणि चाकातून घरघर येत असेल तर बेअरिंग पाहावे. धुतल्यावर किंवा पावसानंतर लागून उन्हात विझत असेल तर जोडात पाणी शिरते आहे. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना लागत असेल तर बॅटरी. आणि चाकाचे काही काम केल्यानंतरच सुरू झाला असेल तर त्याच कामात कारण शोधावे. काही बेअरिंगांच्या एका अंगाला चुंबकी कडे असते, ते उलटे बसवले तर सेन्सरला काहीच दिसत नाही. एवढी नोंद मिस्त्रीच्या हाती दिली तर त्याचा निम्मा वेळ आणि तुमचा बराच पैसा वाचतो.

गॅरेजमध्ये काय विचारावे?

मिस्त्री गाडीला स्कॅनर लावतो आणि कोड वाचतो. ब्रेक आणि एबीएसचे बहुतेक कोड सी अक्षराने सुरू होतात. स्वस्तातले काही स्कॅनर केवळ इंजिनाचे कोड वाचतात. त्यामुळे "स्कॅनरमध्ये काहीच येत नाही" असे म्हटल्यावर हा स्कॅनर एबीएस वाचतो का, असे नम्रपणे विचारावे. दुसरे असे की, कोड फक्त कोणत्या बाजूला दोष आहे ते सांगतो. पुढच्या डाव्या चाकाचा कोड आला म्हणजे सेन्सरच गेला असे नव्हे. वायर तुटली असेल, सेन्सरवर लोखंडी कीस चिकटला असेल किंवा दात्यांचे कडे गंजून फुटले असेल.

म्हणून मिस्त्रीला असे म्हणावे, "भाऊ, गाडी सरळ रस्त्याला हळू चालवू आणि चारही चाकांचा वेग स्कॅनरवर पाहू." तीन चाके सारखा वेग दाखवतील आणि एक शून्य दाखवेल किंवा मध्येच गळेल. गुन्हेगार तेथे सापडतो. आधी साफसफाई, मग वायर, मग सेन्सर आणि सर्वांत शेवटी एबीएसचे मुख्य युनिट, असा क्रम असावा. मुख्य युनिट फार महाग असते, ते बदलण्याचा सल्ला पहिल्याच भेटीत मिळाला तर दुसरीकडे एकदा दाखवावे. बदललेला जुना भाग मागून घ्यावा. आणि काम झाल्यावर नुसता कोड पुसून दिवा विझवलेला नाही ना, हे गाडी चालवूनच पाहावे.

घाटाचा हिशोब वेगळा

आपला जिल्हा घाटांचा आहे. मुंबईला उतरताना कसारा, चांदवडजवळ राहूड, वणीकडून गडावर जाणारा वळणावळणाचा रस्ता. गडाच्या घाटात जानेवारी 2008 मध्ये भाविकांची बस दरीत कोसळली आणि चाळीसहून अधिक माणसे गेली. प्रत्येक अपघाताची कारणे वेगळी असतात, पण उतारावर चुकीला जागा नसते, हे सर्वांना सारखेच लागू आहे. जून 2025 मध्ये इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून कसारा घाट टाळून जाता येते. पण त्या मार्गावर वेग जास्त असतो आणि जास्त वेगात एबीएस-ईएससीची गरज वाढते.

ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषते. नवे डॉट 3 ऑईल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरल्यावर तीच मर्यादा 140 अंशांपर्यंत उतरू शकते. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला की चाकाजवळ प्रचंड उष्णता होते, ऑईल उकळते, आत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल एकदम रिकामे खाली जाते. म्हणून दर दोन वर्षांनी हे ऑईल बदलावे. दसऱ्याला आपण गाडीला झेंडूचा हार घालतो. एक दसरा सोडून दुसऱ्या दसऱ्याआधी ऑईल बदलायचे असा नेम केला तर तारीख विसरणार नाही.

उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून उतरणे ही जिवावरची काटकसर आहे. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत थोड्याच वेळात संपते आणि स्टिअरिंगही जड होते. जळका वास आला किंवा पेडल मऊ लागू लागले तर रुंद जागा पाहून थांबावे, चाकांवर पाणी न ओतता अर्धा तास गार होऊ द्यावे. उतारावर ब्रेक लागेनासाच झाला तर पेडल भराभर दाबत-सोडत राहावे, एकेक गिअर खाली आणावा, हॅन्डब्रेक हळूहळू ओढावा, हॉर्न आणि चारही इंडिकेटर चालू ठेवावेत आणि गाडी डोंगराच्या अंगाला घ्यावी. किल्ली फिरवून इंजिन बंद करू नये.

घरातल्या बायका-मुलांसाठी

गाडी एकजण चालवतो, पण जीव सर्वांचे असतात. चालवणाऱ्याचे लक्ष रस्त्यावर असते, शेजारी बसलेल्याला दिवा आधी दिसू शकतो. म्हणून घरातल्या सर्वांना हे चार दिवे ओळखता आले पाहिजेत. सुनेने किंवा शाळकरी नातवाने "आप्पा, तांबडा दिवा लागलाय" असे म्हटले तर "तुला काय कळते" असे म्हणू नये. डॅशबोर्डवर देवाची तसबीर, हार किंवा रुमाल ठेवायला हरकत नाही, पण त्याच्या आड दिवे झाकले जाऊ नयेत.

दिंडोरीच्या नानांना उत्तर एवढेच की, बल्ब काढू नका. आधी वरची पाहणी करा आणि वायरीपासून सुरुवात करणाऱ्या मिस्त्रीला गाडी दाखवा. तोपर्यंत गडावर एसटीने जा. कांद्याचा भाव पुढच्या आठवड्यात सुधारू शकतो, गेलेले माणूस परत येत नाही.

सर्वांनी आज एक काम करावे. संध्याकाळी गाडीत बसून किल्ली फिरवावी, कोणते दिवे लागतात आणि कोणते विझतात ते घरच्यांबरोबर मोजावे, आणि ब्रेक ऑईल कोणत्या महिन्यात बदलले ते वहीच्या पहिल्या पानावर लिहावे. आठवत नसेल तर ते बदलायची वेळ झाली आहे असे समजावे.